उन्हाळ्यातलं हलकं, कमी तेलातलं जेवण: बेळगाव, खानापूर, चिकोडी, अथणी, निपाणीकरांनी लिहा

सांबऱ्याची_सून
रविवार पेठेत मडक्यांची रास लागलेली दिसली आणि जोंधळ्याच्या आंबिलीची आठवण झाली. म्हणून धागा. एकच विनंती, नुस्तं "तेल कमी घाला" असं लिहू नका. किती घालायचं, कशात घालायचं, बिघडतं कुठं आणि का, ते लिहा.

सुरुवात आंबिलीपासून. चौघांना जोंधळ्याचं पीठ अर्धी वाटी. रात्री एक वाटी पाणी आणि दोन चमचे ताक घालून कालवून ठेवायचं. मे महिन्यात ८ तास भरपूर झाले, त्यापुढं आंबट ढाण होतं. सकाळी ४ वाट्या पाण्याला उकळी आली की हे पीठ ढवळून, धार धरून ओतायचं. डाव थांबवायचा नाही. मंद आचेवर ८-१० मिनिटं, कच्चा वास जाईपर्यंत. गार झाली की दाटते, म्हणून पाहिजे त्याहून पातळ असतानाच उतरायची. पूर्ण गार झाल्यावर २ वाट्या ताक, मीठ, ठेचलेला लसूण, भाजलेलं जिरं, कोथिंबीर. गरम आंबिलीत ताक पडलं की ते फुटतं आणि मग कितीही घुसळा, रवाळच राहतं. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळीचं बाहेरचं कवच लगेच शिजतं, आत पीठ तसंच राहतं. फोडणी नाही, तेलाचा थेंब नाही.

अथणीचा_अण्णा
बेळगावात बसून उन्हाळा म्हणताय? अथणीला या एकदा दुपारी दोनला.

बरं, मुद्द्याचं. आंबिलीनं पोट भरत नाही म्हणणाऱ्यांनी जोंधळ्याच्या कण्या कराव्यात. गिरणीत "कण्या काढून द्या" म्हटलं की देतात, फक्त जोंधळा आधी निवडून, किंचित ओला हात फिरवून न्यायचा म्हणजे कोंडा सुटतो. एक वाटी कण्या धुऊन तासभर भिजत, मग साडेचार वाट्या पाणी आणि मीठ घालून कुकरला ५ शिट्ट्या. वाफ आपोआप जाऊ द्यायची, लगेच उघडलं तर मध्ये टणक लागतात. खाताना वरून गार ताक ओतायचं, शेजारी कच्चा कांदा. उरलं तर रात्री पाण्यात बुडवून ठेवू नका, या गरमीत फसफसतं. फ्रीजमध्ये ठेवा.

जांबोटी_घाट
आमच्या खानापूरच्या बाजूला जोंधळ्यापेक्षा नाचणी. आंबिलीची वरचीच रीत, पण दोन फरक. नाचणीचं पीठ तळाशी बसतं, म्हणून ओतण्याआधी भांडं खालपासून ढवळायचं. आणि शिजायला जास्त वेळ, १२-१५ मिनिटं. रंग मातकटाचा गडद चॉकलेटी आणि वर चकाकी आली की झाली. त्याआधी उतरली तर घशाला खरखरते.

वळीव पडला काय कुणाकडं? इकडं नुस्तंच गडगडतंय.

टिळकवाडी_मामी
ताक ताक म्हणताय सगळे, पण कुठलं ताक? दही पाण्यात घुसळलं म्हणजे ताक झालं असं धरलं तर दह्यातली चरबी सगळी पेल्यातच आहे. म्हशीच्या दुधात १०० ला ६-७ टक्के. एका वाटी दह्यात साधारण १० ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे तेल प्यायल्यासारखंच. टोन्ड दुधाला ३ टक्के, डबल टोन्डला दीड.

लोणी काढूनच ताक करायचं. उन्हाळ्यात लोणी गोळा होत नाही अशी तक्रार असते, त्याचं कारण गरमी. लोणी मऊ पडतं आणि बारीक कणांनी ताकातच फिरत राहतं. दही फ्रीजमधून काढून तसंच घुसळायला घ्यायचं, कण दिसायला लागले की बर्फाचं पाणी घालायचं, मग दोन-तीन मिनिटांत गोळा वर. तो काढून घेतल्यावर उरतं ते खरं ताक.

अथणीचा_अण्णा
मामी, लोण्याचा गोळा कुठं जातो मग?

टिळकवाडी_मामी
तुमच्या घरी नाही जात, एवढं नक्की 😄

वडगाव_कट्टा
डबल टोन्डचं दही पाणचट होतं, त्यावर उपाय आहे काय?

टिळकवाडी_मामी
आहे की. दूध उकळून मंद आचेवर पाऊण होईपर्यंत आटवायचं. कोमट म्हणजे बोट सुखानं आत राहील इतकं झालं की अर्ध्या लिटरला एक लहान चमचा विरजण. जास्त विरजण घातलं तर लवकर लागतं पण आंबट आणि पाणी सुटलेलं. मातीच्या भांड्यात लावा, माती पाणी शोषते, दही घट्ट बसतं. आता ४-५ तासांत लागतं, रात्रभर बाहेर ठेवू नका.

निपाणीची_लवंगी
फोडणीचं कुणीच बोलेना. कमी तेलाची भाजी बिघडते ती कढईमुळं. मोठ्या कढईत एक चमचा तेल पसरून जातं, मोहरी कोरडी पडते, अर्धी तडतडते अर्धी करपते, आणि हळद टाकली की काळी. फोडणीची लोखंडी पळी घ्या. एक लहान चमचा तेल पळीत एका बाजूला गोळा होतं, मोहरी त्यात बुडते. मोहरी थांबली की जिरं, हिंग, कढीपत्ता, गॅस बंद, मग हळद. आणि ही फोडणी शिजलेल्या भाजीवर वरून. तेवढ्याच तेलाचा वास दुप्पट येतो, कारण तो शिजण्यात उडून जात नाही.

भाजी वाफेवर. दोडका, दुधी, पडवळ, कोबीला तेल लागतच नाही. चिरून, चिमूटभर मीठ, दोन चमचे पाणी, वर खोलगट ताट, ताटात पाणी. ताट गार राहतं, आतली वाफ थेंब होऊन परत भाजीतच पडते. ताटातलं पाणी गरम झालं की तेच भाजीत घालायचं, गार पाणी नाही. मीठ आधी घातल्यानं भाजी स्वतःचं पाणी सोडते. कोबीला मात्र झाकण घट्ट नको, वास धरतो.

कांदा परतायचा असेल तर तेलाऐवजी मीठ आणि पाण्याचा हबका. चिकटला की हबका, परत चिकटला की परत. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तांबूस होतो.

शहापूर_साळी_गल्ली
लिहिलंय बरोबर, पण खरा चोर फोडणी नाही, शेंगदाण्याचा कूट आहे. आपल्याकडं वांग्यात कूट, दोडक्यात कूट, कोशिंबिरीत कूट, आणि वर भाकरीबरोबर शेंगाचटणी. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच. दोन मोठे चमचे कूट म्हणजे ९-१० ग्रॅम चरबी. फोडणीतलं तेल मोजणारी माणसं इथं डोळे मिटतात.

पुटाण्याचं, म्हणजे भाजक्या डाळ्याचं पीठ वापरा. त्यात १०० ला ५-६ टक्के. पण कुटाच्या मापानं घालू नका, निम्मं घाला, आणि गार पाण्यात कालवून शेवटच्या दोन मिनिटांत. आधी घातलं तर भाजी पिठल्यासारखी घट्ट होते आणि बुडाला लागते. चव पूर्ण तशी येत नाही हे मान्य. म्हणून चारात एक भाग कूट, तीन भाग पुटाणी, दोन्ही वेगवेगळी खमंग भाजून. कोशिंबिरीत कळतसुद्धा नाही.

तीळ, जवस, कारळं, त्या सगळ्या तेलबियाच. चटणी चांगली, पण चमच्यानं, वाटीनं नको.

निपाणीची_लवंगी
शेंगाचटणीवर बोलायचं काम नाही हां. भाकरी, चटणी, कांदा, एवढंच तर सुख.

शहापूर_साळी_गल्ली
त्यावर तेलाची धार सोडता ते तरी सोडा की. दही घ्या.

खडकगल्ली_वैनी
घरात माणशी किती तेल जातं, त्याचा हिशेब सोपा आहे. चौघांच्या घरात महिन्याला ३ लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज २५ मिली, म्हणजे ५ लहान चमचे. पिशवी फोडली की तारीख लिहायची तिच्यावर. बाकी मोजमाप काही नको. मेमध्ये कुरडया-पापड तळले की पिशवी कशी लवकर संपते ते आपोआप दिसतं.

वडगाव_कट्टा
कुरडई भाजता येते?

खडकगल्ली_वैनी
उडदाचा पापड विस्तवावर, त्याला काही लागत नाही. तांदळाचे पापड मायक्रोवेव्हमध्ये ४०-६० सेकंद, मध्येच बाजू फिरवून. कुरडई तशी केली तर मधला वेटोळा कच्चा राहतो. तिला जाड मीठ. लोखंडी कढईत दोन वाट्या मीठ १० मिनिटं कडक तापवायचं, कुरडई त्यात दाबून वरूनही मीठ लोटायचं. फुलली की झटकून चाळणीत. मीठ पुरेसं तापलं नसेल तर न फुलताच तांबडी होते. कुरडई कडकडीत वाळलेली पाहिजे, दमट असेल तर तिला मीठ चिकटून बसतं. तेच मीठ परत परत चालतं, फक्त जेवणात वापरू नका.

चिकोडीची_अक्का
कोसंबरी राहिली की ओ! रामनवमीला पानकाबरोबर सगळीकडं असते, नंतर वर्षभर कुणी विचारत नाही.

अर्धी वाटी मूगडाळ दोन तास भिजवायची. नखानं तुटली की पुरे, जास्त भिजली की पिठूळ लागते. चाळणीत पंधरा मिनिटं निथळून. काकडी एक, कैरी दोन चमचे किसून, मिरची, कोथिंबीर. ओलं खोबरं एकच चमचा, त्यात तिसरा हिस्सा चरबी असते. मीठ आणि लिंबू पानात वाढताना. आधी घातलं की काकडी पाणी सोडते आणि कोसंबरीचं सार होतं. फोडणी नाही घातली तरी बिघडत नाही.

मेथीची पेंडी कोवळी मिळाली तर पचडी. मेथी, कांदा, मुळा बारीक चिरून, मीठ, लिंबू, चिमटीभर भाजलेलं पुटाण्याचं पीठ. चोळायची नाही, चोळली की कडू होते.

जांबोटी_घाट
सोलकढीवर कुणी येण्याआधी सांगतो, नारळाच्या दुधाची म्हणजे हलकी नव्हे. त्यापेक्षा आमसुलाचं सार. आमसुलं ८-१०, दोन वाट्या कोमट पाण्यात अर्धा तास, मग कुस्करून गाळायचं. आणखी दोन वाट्या पाणी, सुपारीएवढा गूळ, एक मिरची मोडून, जिरं भाजून भरडलेलं. एक उकळी फक्त. फार उकळलं तर तुरट. स्टीलचं भांडं घ्या, ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ नको, आंबटाला ते चालत नाही. आमसूल मिठाचं असतं, तेव्हा मीठ चाखून.

कॅम्प_रविवार
सगळं वाचलं. मटणाचं काय? रविवारी आंबील वाढली तर घरात बंड होईल.

निपाणीची_लवंगी
शनिवारी रात्री शिजवा. मांडीचं घ्या, चरबी दिसेल तेवढी आधीच कापून टाका. आलं, लसूण, हळद, मीठ लावून नुस्त्या पाण्यात शिजवायचं, तेल नाही. अळणी, म्हणजे हे मटणाचं पाणी, गार करून फ्रीजमध्ये ४-५ तास, वर पांढरी साय धरते, ती चमच्यानं अख्खी निघते. मग मसाला. खोबरं निम्मं, कांदा भाजून जास्त, तीळ-खसखस एकेक चमचा. दाटपणा भाजलेल्या कांद्यानं येतो. मांस गरम असताना तासन्‌तास ओट्यावर ठेवू नका, या हवेत तेवढ्यात बिघडतं. पातेलं पाण्यात ठेवून लवकर गार करा.

कॅम्प_रविवार
म्हणजे तर्रीच काढून टाकायची? 😭

अथणीचा_अण्णा
तर्री काढून मामींच्या लोण्याशेजारी ठेवा.

ऑफिस_डबा_अनगोळ
डब्यासाठी दहीभात दुपारपर्यंत आंबतो, त्याला काय करायचं?

चिकोडीची_अक्का
दही घालायचं नाही, दूध घालायचं. भात गुरगुट्या करून मळायचा, कोमट झाला की एक वाटी तांदळाला दीड वाटी गार केलेलं डबल टोन्ड दूध आणि फक्त एक मोठा चमचा दही. सकाळी आठला सैलसर भरला तर एकपर्यंत डब्यातच विरजतो, गोड राहतो. सकाळी घट्ट वाटला तर दुपारी गोळा होणार. किसलेलं गाजर, आलं, डाळिंब चालेल. काकडी नको, पाणी सुटतं.

टिळकवाडी_मामी
आणि पन्हं-पानकवाल्यांनो, त्यात चरबी नाही म्हणून तांब्यानं पिऊ नका. कैरीच्या एका वाटी गराला एक वाटी गूळ जातो, साखरवाल्यांना ते चालणारं नाही. त्यांना ताकच बरं. ताकातही मीठ बेतानं. पेल्याला अर्धा लहान चमचा म्हणजे सुमारे ३ ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते. दोन पेल्यांतच झालं की.

वडगाव_कट्टा
भाकरीला तेल नको ते कळलं, पण माझ्या भाकरीला चिरा जातात.

सांबऱ्याची_सून
पीठ जुनं. जोंधळ्याचं पीठ उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा, नंतर कडसर होतं आणि चिकटपणा जातो. आत्ता घरात आहे ते संपवायचं तर उकळतं पाणी घालून झाकून ठेवा, दहा मिनिटांनी हाताच्या तळव्यानं भरपूर मळा. तव्यावर टाकली की लगेच वरून पाण्याचा हात, आणि पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटा.

वडगाव_कट्टा
वडगावात कण्या काढून देणारी गिरणी कुठली? आमचा गिरणीवाला म्हणतोय पाच किलोच्या खाली चालू करत नाही.

अथणीचा_अण्णा
शेजारणी गोळा करा चार. नाहीतर मिक्सरला, वाटीभर जोंधळा, दोन-दोन सेकंद थांबून थांबून. मग रव्याच्या चाळणीनं पीठ वेगळं काढा, त्याची आंबील.