मदत हवी आहे: आयसीयूतून घरी गेलेल्या रुग्णांची प्रश्नावली मराठीत करताना अडलेय

नमस्कार मंडळी,

मी नवी मुंबईत एमएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. व्हेंटिलेटरवरून सुटून घरी गेलेल्या माणसाला पुढे कित्येक महिने अशक्तपणा, विसराळूपणा, भीती, उदासी राहू शकते. या सगळ्याला मिळून 'पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम' म्हणतात. आपल्याकडे डिस्चार्जच्या कागदावर बहुतेक वेळा 'आठवड्याने ओपीडीत दाखवणे' एवढंच असतं, म्हणून प्रबंधाला हा विषय घेतला.

प्रश्नावली 'हेल्दी एजिंग ब्रेन केअर मॉनिटर', सेल्फ रिपोर्टवाली (म्हणजे रुग्णाने स्वतः उत्तरं द्यायची). २७ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ८१. मागच्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला एवढंच विचारते, त्यामुळे ओपीडीच्या गर्दीतही उरकते. 'हॅड्स' या चिंता-नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीचाही विचार केला होता, पण तिला लायसन लागतं आणि ती त्यापलीकडे जात नाही. मूळ कर्त्यांची परवानगी, एथिक्स कमिटी, दोन स्वतंत्र भाषांतरं, मूळ न पाहिलेल्या दोघांकडून उलट भाषांतर हे सगळं रीतसर झालंय. घोडं अडलंय ते प्रीटेस्टमध्ये, म्हणजे थोड्या रुग्णांवर आधी करून बघतात त्यात.

एक तर नातेवाईक. घणसोलीच्या एका आजींना झोपेचं विचारलं, तर त्यांनी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, "मस्त झोपते, काही टेन्शन नाही." आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प. मुलगा औषधं आणायला खाली गेला तेव्हा हळूच म्हणाल्या, "डोळा लागला की छतावरनं मुंग्या उतरतात बाय, तिथं आयसीयूत उतरायच्या तशाच." आता मी कुठलं उत्तर लिहू? मुलाला बाहेर थांबा म्हटलं की तो भडकतो, आणि आजींना लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे वाचून मलाच दाखवावं लागतं.

दुसरी अडचण याहून वाईट. घरकाम, स्वयंपाक, बिलं भरणं, खरेदी यांत अडचण येते का असे प्रश्न आहेत. ऐरोलीचे एक निवृत्त काका म्हणाले, "मी जन्मात गॅस पेटवला नाही, मला कसली अडचण?" झाले शून्य गुण! तिकडे धड उभं राहवत नाही. बँकेत कधीच न गेलेल्या बायकांचं पैशांच्या प्रश्नाला तेच. 'लागू नाही' असा पाचवा पर्याय घालू का? गाईड म्हणतात, "घालून टाक, काय होतंय."

शिवाय मुख्य अभ्यासाला प्रत्येक प्रश्नामागे ५ ते १० माणसं धरली तर १३५ ते २७० रुग्ण होतात. उरण, मुरबाडकडचे लोक पुन्हा फिरकत नाहीत. फोनवर घेतलं तर चालेल का? जाणकारांनी सांगा, प्लीज.

प्रतिसाद १

ताई, गाईडचं या बाबतीत ऐकू नका. पर्याय वाढवला की गुणांची बेरीजच बदलते, मग मूळ प्रश्नावलीशी तुलना कसली करणार? समासात 'आजारापूर्वीही करत नव्हते' अशी खूण करा, ती गुणांत धरू नका. एखाद्या प्रश्नाला अशा खुणा फार पडल्या तर तज्ज्ञ समितीपुढे ठेवा. त्या कामाऐवजी त्याच तोलाचं आपल्याकडचं काम घालता येतं, पण मूळ कर्त्यांना विचारूनच. प्रीटेस्टला ३०-४० जण पुरतात, हे सगळं तिथंच कळलं तर बरं.

मुलाचं म्हणाल तर या प्रश्नावलीची काळजीवाहकांसाठी वेगळी आवृत्ती आहे. त्याची उत्तरं तुमच्या फॉर्मवर घेऊच नका. त्याच्या हातात दुसरा कागद आणि पेन द्या, बाहेरच्या बाकावर बसून भरू दे. त्यालाही कामाला लागल्यासारखं वाटतं, भांडत नाही. तुम्हाला आजींबरोबर दहा मिनिटं मिळतात.

प्रतिसाद २

फोनवर घ्या, पण मग सगळ्यांचं फोनवरच. अर्धे समोर, अर्धे फोनवर केलं तर परीक्षक तिथंच धरतील. आणि उरणकडच्यांना दुपारी दोननंतर फोन करा, सकाळी कोणी उचलत नाही.

धागाकर्ती

काळजीवाहकांची आवृत्ती माझ्या डोक्यातच आली नव्हती. पण तिचंही भाषांतर आता पहिल्यापासून करावं लागेल ना? मराठी येणारं आणि यातलं काहीच माहीत नसलेलं कोणी ठाण्यात असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. मानधन नाही, चहा-वडापाव नक्की.