पाढ्याला गोळी दिली की पाढा खरंच लक्षात राहतो का?

आर्णीकडची मॅडम

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर आहे. तिसरी-चौथी माझ्याकडे. कापूस वेचणी लागली की आमची अर्धी पोरं आईसोबत वावरात जातात. घरी पाढे म्हणून घ्यायला कोणी नसतं, त्यामुळे जे पाठ व्हायचं ते शाळेतच.

म्हणून मी संत्रा गोळी सुरू केली. पाढा न अडखळता म्हटला की एक गोळी. सुरुवातीला वर्गात काय उत्साह होता! मधल्या सुटीत खिचडीच्या रांगेत उभी राहूनसुद्धा पोरं साताचा पाढा घोकायची. आता मात्र पाढ्याच्या आधी हात पुढे येतो. गोळी नसली की आवाजच निघत नाही. एक मुलगी आहे, तिला आकड्यांची मुळातच ओढ. खडू सापडला की फळ्यावर स्वतःहून गणितं मांडत बसायची. परवा तिनंही विचारलं, "मॅडम, याला गोळी आहे का?"

मला मेंदूच्या आतलं जाणून घ्यायचं आहे. बक्षिसानं आठवण पक्की होते, की पोर तेवढ्यापुरतं काम करून मोकळं होतं? आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षकांत यावर दोन तट आहेत. "पोरं लाडावतात" एवढंच सांगणारी उत्तरं कृपया नकोत, ती रोज ऐकते.

मास्तर, मंगरूळपीर

मॅडम, मी प्राणीशास्त्रात एम.एस्सी. केलं, आता गावी शेती बघतो आणि अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. हा विषय माझ्या फार आवडीचा, म्हणून जरा लांब लिहितो.

बक्षिसानं आठवण पक्की होते, हे खरं आहे. पण बक्षीस कधी आणि कसं मिळतं, यावर सगळं अवलंबून आहे.

वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या चेतापेशींची हालचाल टिपली. माकडाला फळाच्या रसाचा थेंब अवचित मिळाला की त्या पेशी एकदम उसळत. मग रसाच्या आधी एक खूण दाखवायला सुरुवात केली. खूण दिसली म्हणजे रस येणार, हे माकड शिकलं आणि पेशी खुणेलाच उसळू लागल्या. प्रत्यक्ष रस आला तेव्हा त्या थंड. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही, तर रस यायच्या ऐन वेळेला त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली गेली. शुल्ट्झनं १९९७ मध्ये पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासोबत 'सायन्स' या नियतकालिकात याची मांडणी केली. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत जो फरक पडतो, त्याचा निरोप डोपामिन पोचवतं, आणि त्या निरोपावर मेंदू शिकतो. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं जे जिथे तिथे छापून येतं, ते अर्धवट आहे.

आता तुमचा वर्ग बघा. गोळी नवी होती तेव्हा प्रत्येक गोळीत तो फरक होता. आता प्रत्येक पाढ्याला गोळी ठरलेली, म्हणजे मिळाली तर नवल नाही आणि नाही मिळाली तर तोटा. मला तरी तुमच्या पोरांचे पुढे आलेले हात यातूनच समजतात.

पाठांतराचं वेगळं सांगायला हवं. नवी गोष्ट टिपायला मेंदूच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लागतो. मध्यमेंदूतलं डोपामिन तिथेही पोचतं. शिकताना चेतापेशींमधले जे जोड नुकतेच घट्ट झाले असतात, ते टिकून राहायला त्याची मदत होते. ॲलिसन ॲडकॉक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. एमआरआय यंत्रात झोपलेल्या माणसांना प्रत्येक चित्राआधी सांगितलं, हे पुढे ओळखलंत तर पाच डॉलर, किंवा नुसते दहा सेंट. दुसऱ्या दिवशी पाच डॉलरवाली चित्रं जास्त ओळखली गेली. त्यातही जी लक्षात राहिली, त्यांच्या वेळी चित्र दिसायच्या आधीच मध्यमेंदू आणि हिप्पोकॅम्पस कामाला लागलेले होते.

या "आधीच"पाशी मी स्वतः फार रेंगाळलो. ओढ लागली की मेंदू टिपायला तयार होतो. आणि ती ओढ पैशाचीच असावी लागत नाही! मत्थियास ग्रूबर आणि चरण रंगनाथ यांच्या गटानं २०१४ मध्ये दाखवलं की ज्या प्रश्नाचं उत्तर जाणून घ्यायची उत्सुकता असते ते उत्तर तर लक्षात राहतंच, पण उत्तराची वाट बघताना मध्येच दाखवलेले अनोळखी चेहरेसुद्धा जास्त लक्षात राहतात.

तुमच्या त्या मुलीसाठी मात्र एक जुना प्रयोग वाचाच. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं, तर कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड टिकून होती.

पटवाला भाऊ

मॅडम, मी काई शिकलेला मानूस नाई. तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हंजे बैलाईची शर्यत, तुमाले ठाऊक असन, तिकडचाच मी. गोऱ्हे शिकवतो.

जू पयल्यांदा मानेवर ठेवलं आन गोऱ्हा उभा राह्यला, की त्याच टायमाले गुळाचा खडा तोंडात द्या लागते. गोठ्यात आनून मंग देल्ला तर त्याले वाटते, गोठ्यात आलो म्हनून भेटला. शिकला की गूळ कमी करत जायचा. कवा गूळ, कवा नुसता मानेवरून हात. रोजच देल्ला तर तो जुआकडं पायतच नाई, खिशाकडं पायते.

आन एक सांगतो. सरकीची ढेप आन कडबा त्याच्या हक्काचा हाये, त्याचं बक्षीस करू नये. काम नाई केलं म्हनून ढेप बंद करनाऱ्याच्या हाती मी माहा गोऱ्हा देत नाई.

निवृत्त गुरुजी, दर्यापूर

मॅडम, आमच्या वेळी ना गोळी होती ना बिस्कूट. छडी होती आणि पाढे तीसपर्यंत पाठ होते. अजून आहेत.

मास्तर, मंगरूळपीर

गुरुजी, नमस्कार. भीतीनंही आठवण पक्की होते, मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग ते काम करतो. पण पाढ्याबरोबर भीतीचीही नोंद होते. माझ्यासोबतचे कित्येक जण गणिताला भिऊन शाळा सोडून गेले, त्यांना आज कोणी विचारत नाही.

पटवाल्या भाऊंनी वेळेचं जे सांगितलं ते अगदी बरोबर आहे. शनिवारी एकदम वाटलेलं बक्षीस सोमवारच्या पाढ्याशी जोडायला लहान पोराला अवघड जातं.

आर्णीकडची मॅडम

सर, भाऊ, गुरुजी, सगळ्यांचे आभार. भाऊ, हक्काच्या ढेपेचं तुम्ही लिहिलं ते वाचून मी खिचडीचा विचार केला. "पाढा झाल्याशिवाय ताट नाही" असं मी कधी म्हटलं नाही आणि कोणाला म्हणू देणार नाही.

सर, एक विचारते. गोळी एकदम बंद केली तर तो तोटा सगळ्या वर्गाला लागेल. मग कसं करू?

मास्तर, मंगरूळपीर

एकदम बंद करू नका. "पाढ्याला गोळी" हे ठरलेलं तेवढं मोडा. कधी चुकत चुकत का होईना, स्वतःहून पुढचा पाढा म्हणून बघणाऱ्याला द्या, कधी दुसऱ्याला शिकवणाऱ्याला, आणि आधी सांगू नका. बाकी वेळा नाव घेऊन, काय चांगलं केलं ते तिथल्या तिथे सांगा: "नऊ सात त्रेसष्टला काल अडला होतास, आज नाही अडलास." पाढ्याच्या आधी एखादं कोडं टाका. वीस किलो कापूस, सात रुपये किलोनं वेचाई, आईला किती मिळाले? उत्तर लगेच देऊ नका, त्यांना वाट बघू द्या.

आणि त्या मुलीला गोळी देऊच नका. तिला पाचवीच्या पुस्तकातलं एक गणित द्या आणि फळ्याचा एक कोपरा तिच्यासाठी राखून ठेवा.