आधी पिन बदला, मग एलपीला शिव्या घाला

खरखरे: काल एकाने लिहिलं, "आजोबांच्या रेकॉर्डी ऐकायला सूटकेस प्लेयर आणला. आवाज मोबाईलपेक्षा भिकार. एलपी रेकॉर्डच्या आवाजातली ऊब वगैरे सगळी थाप." डोकंच फिरलं. त्या सूटकेसमधलं सिरॅमिक कार्ट्रिज (पिन जिच्यात बसते ती स्वस्तातली डबी) खोबणीवर पाचेक ग्रॅमचा भार टाकतं. चांगलं, चुंबकावर चालणारं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज दोन ग्रॅममध्ये भागवतं. आधी टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, तरंगेल इतका तोल जुळवा, मग भार द्या. कार्ट्रिज नीट कोनात बसवा, नाहीतर तबकडीच्या आतल्या कडेला गाणं फाटतं. आणि फोनो प्रीअँप, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा डबा! मूव्हिंग मॅग्नेटमधून चार-पाच मिलिव्होल्ट येतात, थेट अँप्लिफायरच्या साध्या ऑक्स इनपुटमध्ये घातले तर भीमसेनजीही डासासारखे ऐकू येतील. शिवाय एलपी कोरताना खर्ज दाबलेला, वरचे सूर चढवलेले असतात. हा १९५४पासूनचा ठरलेला आरआयएए वक्र. तो उलटा फिरवायचं काम प्रीअँपचं.

गिरगावकर: सिरॅमिकला प्रीअँप लागतच नाही. मग हे व्याख्यान कुणासाठी? आमच्याकडे एचएमव्हीचा फिएस्टा होता. पिन उडायला लागली की बाबा हेडवर चार आणे ठेवायचे. अख्खी नाट्यगीतं तशीच ऐकली, कुणी कोन मोजला नाही.

खरखरे: चार आणे म्हणजे वर आणखी अडीच ग्रॅम. त्याच रेकॉर्डी आज लावा आणि तानेच्या जागी काय उरलंय ते सांगा.

गिरगावकर: आमच्या बाबांवर जाऊ नका.

नाशिकची काकू: पोरांनो, पिन राहू द्या. रेकॉर्डी धुता का कुणी? मी स्पिरिटने पुसते, एकदम लख्ख.

खरखरे: काकू, ७८च्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डी नाही ना पुसल्या?

नाशिकची काकू: पुसल्या की. फडकं काळं झालं, केवढी धूळ निघाली!

खरखरे: धूळ नाही, गाणं निघालं. ७८ लाखेच्या असतात, लाख अल्कोहोलमध्ये, म्हणजे तुमच्या स्पिरिटमध्ये, विरघळते. एलपी विनाइलची, तिला पाण्यात थोडं स्पिरिट चालतं.

नाशिकची काकू: मला वाजवून दाखवायची वेळ आणू नकोस. माझ्या ७८ अजून खणखणीत आहेत.

गिरगावकर: एलपीच्या पिनेवर वाजवता ना? ७८ला तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पिन लागते, एलपीची पाऊण मिलची तळात जाऊन नुसती घासते. खरखर आली तर सगळा दोष स्पिरिटचा नाही. (हो, पिनेच्या बाबतीत खरखऱ्यांशी सहमत झालो. दिनदर्शिकेवर नोंद करा.)

एडिसनवासी: इथून अमेरिकेतून पुण्याला टर्नटेबल नेणाऱ्यांनी जपावं. माझा जुना, सिंक्रोनस मोटरचा, म्हणजे विजेच्या हर्ट्झवर वेग ठरणारा. भावाने ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला आणि निर्धास्त झाला. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. तिकडच्या साठऐवजी भारतातल्या पन्नास हर्ट्झवर मिनिटाला तेहेतीसचे अठ्ठावीस फेरे झाले, पेटीच्या पांढरी चारचा गवई पांढरी दोनमध्ये उतरला. भाऊ म्हणे, "काय भारदस्त आवाज आहे!"

खरखरे: हीच ती ऊब.

डिजिटलदास: आणि आजच्या तीन-तीन हजारांच्या नव्या तबकड्या? कितीतरी डिजिटल फाइलवरूनच कोरतात. मग फाइलच ऐका ना, घासाघीस कशाला?

खरखरे: तो वेगळा धागा काढा. इथे आजोबांच्या रेकॉर्डींचं चाललंय.

नाशिकची काकू: इथे माझ्या स्पिरिटचं चाललंय. साबणाच्या पाण्याने धुतली तर लेबलवरची शाई पसरते, ते कुणी बोलत नाही!

गिरगावकर: काकू, लेबलवर झाकण धरा आणि मग धुवा.

सूटकेसवाला: मूळ तक्रार माझी होती, आठवतंय का कुणाला? बरं. काकांच्या माळ्यावर जुना टर्नटेबल आहे, तो काढतो. नवी पिन, प्रीअँप, तोल, सगळं खरखरे म्हणतात तसं. फरक नाही पडला तर बिल त्यांना. आजोबांच्या ७८ मात्र कुणाला हव्यात का? जागा अडते.

खरखरे: मला. काकूंच्या हाती लागायच्या आत.