टँकरचं पाणी, गिझरमधला चुना, न शिजणारी डाळ: अनुभव लिहा

मुलुंडची माई:
गिझर कडकड वाजायला लागला आणि चाळीतला विहिरीच्या पाण्यावरचा तांब्याचा बंब आठवला. त्याच्याही आत असाच पांढरा थर धरायचा. मुंबईला पाणी येतं सात तलावांतून: उर्ध्व वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. सगळं पावसाचं, सह्याद्रीच्या काळ्या खडकावरून वाहत आलेलं, म्हणजे मुळात मऊ, चुना कमी असलेलं. तरीही नळांवर चुना धरत असेल तर इमारतीच्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतंय, हे जवळजवळ नक्की. त्यावर काय चालतं, काय चालत नाही, मोजमापासकट लिहा.

टाकीवाले काका:
आधी पाणी ओळखा, मग मशीन घ्या. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पालिकेच्या लाइनवरचं थेट पाणी, दुसरीत घरच्या नळाचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा तेवढाच कीस टाकून हलवा. मऊ पाण्यात फेस टिकतो, जड पाण्यात दही फुटल्यासारखा चोथा होतो. आकडा हवा असेल तर थेंबांचं हार्डनेस (जडपणा) मोजायचं किट आणा. पाणी वाइनसारखं लाल होतं, थेंब टाकत जायचं, निळं झालं की थांबायचं आणि थेंबांना किटवर दिलेल्या आकड्याने गुणायचं. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे हार्डनेस २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत ठीक. दुसरा स्रोत नसेलच तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

दादरची वहिनी:
काका, टीडीएस मीटर आहे घरात, तो चालेल का?

टाकीवाले काका:
त्याने हार्डनेस कळत नाही वहिनी. मीठ, चुना, सगळे विरघळलेले क्षार तो एकत्र मोजतो. जंतू तर मुळीच दाखवत नाही. पण मीटरचा एक चांगला उपयोग आहे. रोज एकाच वेळी आकडा लिहून ठेवा. एखाद्या दिवशी दुप्पट-तिप्पट झाला तर त्या दिवशी टाकीत दुसरं पाणी पडलंय. समुद्राजवळच्या बोअरला हा आकडा फार चढतो, कारण गोडं पाणी उपसलं की खालून खारं आत शिरतं.

नळदुरुस्ती_गोरेगाव:
गिझर. एमसीबी बंद, पाणी गार होऊ द्यायचं, खालून रिकामा करायचा. मग फ्लँजचे (तळाच्या चकतीचे) नट काढून एलिमेंट, म्हणजे तापणारी कांडी, बाहेर. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं), त्यात एलिमेंट तासभर बुडवून ठेवा. बुडबुडे थांबले की चुना गेला. चाकूने खरवडू नका, वरच्या धातूला चरा पडला की तिथूनच फुटतं. मॅग्नेशियमचा रॉड अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर बदला, तो स्वतः झिजून टाकीला वाचवतो. गॅस्केट दर वेळी नवीन. बसवल्यावर गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत बटण दाबायचं नाही, कोरडं एलिमेंट मिनिटभरात जळतं. आणि थर्मोस्टॅट ५५ वर ठेवा. पाणी जितकं तापतं तितका चुना जास्त बसतो.

पार्ल्याची सुगरण:
कुकरच्या पाच शिट्ट्यांनीही तूरडाळ अख्खी राहते ना, त्याला हेच पाणी जबाबदार. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला (दाणा घट्ट धरणारा पदार्थ) धरून ठेवतं. राजमा, छोले, हरभरे भिजवताना १ लिटर पाण्यात १० ते १५ ग्रॅम मीठ टाका, साल मऊ पडतं. ते पाणी फेकून नव्या पाण्यात शिजवा. सोडा घालायचाच तर वाटीभर डाळीला चिमूटभर, जास्त घातला तर चव साबणासारखी होते आणि ब-१ जीवनसत्त्व जातं. चिंच, टोमॅटो, कोकम डाळ शिजल्यावरच. जुनी डाळ मात्र कुठल्याही पाण्यात त्रास देते.

दहिसरकर:
पुरणाची डाळ पण? सणाला चार वाट्या शिजवायच्यात

पार्ल्याची सुगरण:
हो, तीच गोष्ट. पुरणापुरतं पालिकेचं पाणी आदल्या रात्री भरून ठेव. आणि कट काढताना डाळ पूर्ण निथळू दे, नाहीतर पुरण सैल पडतं.

दहिसरकर:
🙏 ताई

चुनाभट्टीची लेक:
बाथरूमच्या टाइल्सवर पिवळट-तांबडे डाग. ब्लीच टाकलं तर आणखी गडद झाले.

नळदुरुस्ती_गोरेगाव:
होणारच, ते लोह आहे. बोअरचं पाणी नळातून स्वच्छ पडतं, हवा लागली की पिवळं होतं. ब्लीचने लोह आणखी पक्कं बसतं. सायट्रिक ॲसिडची पेस्ट करून १५ मिनिटं लावा आणि धुवा. पण मार्बल आणि कडाप्प्यापासून लांब, दगडाची चमक जाते. आणि ॲसिड व ब्लीच एकत्र कधीच नको, क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये जिवावर बेतेल.

लालबागचा भाऊ:
आमच्याकडे टँकर नाहीच, तरी सकाळी तांबडं पाणी 😟

टाकीवाले काका:
भाऊ, तो जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपचा गंज. रात्रभर पाणी पाइपात उभं राहतं. पहिली बादली फरशीला, झाडांना वापरा. पालिकेच्या मऊ पाण्याने पाइपच्या आत संरक्षक थर धरत नाही, म्हणून जुन्या जीआयला गंज लवकर चढतो. कायमचा उपाय म्हणजे लाइन सीपीव्हीसीची (प्लास्टिकची) करणं. पण पाणी काळपट असेल, वास येत असेल तर गंज म्हणून सोडून देऊ नका. ठरावीक तासच पाणी येतं, उरलेल्या वेळी पाइप रिकामा असतो आणि फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. कुणी पालिकेच्या लाइनला थेट मोटर लावली की ही ओढ कितीतरी वाढते. बेकायदा तर आहेच, शेजाऱ्याच्या पोराला कावीळ होईल असं ते काम आहे. पाणी सुटल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं पिण्यासाठी भरू नका. वॉर्डात तक्रार करा आणि क्लोरीनची ओटी टेस्ट (थेंब टाकून रंग बघायची चाचणी) मागा. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, रंगच आला नाही तर पाणी उकळूनच प्या.

सोसायटी_अंधेरी:
टाकी धुण्याचं प्रमाण सांगा कुणीतरी, आमचा माणूस मुठीने पावडर टाकतो

टाकीवाले काका:
आधी खालची टाकी, मग वरची. गाळ काढा, ब्रशने भिंती घासा. मग १० लिटर पाण्यात २५ टक्के क्लोरीनची ८ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, वरची निवळी घ्या, खालचा चुना टाकीत नको. निवळी भिंतींना लावून अर्धा तास थांबा, मग धुऊन ते पाणी बाहेर काढा. पावडर ताजी हवी, उघडं पाकीट महिन्याभरात दम सोडतं. वर्षातून दोनदा, त्यातली एक खेप पावसाळ्याआधी. झाकण घट्ट, ओव्हरफ्लोला जाळी. आणि खालच्या टाकीत माणूस एकटा उतरवू नका. झाकण उघडून आधी हवा खेळू द्या, वर एकाने दोर धरून उभं राहायचं. हे कृपा करून गांभीर्याने घ्या, कोंदट टाकीत माणसं गेली आहेत.

मुलुंडची माई:
काका, शेवटची ओळ नोटीस बोर्डावर लावतेय.

वर्सोव्याची ताई:
केस तुटतात त्याचं काय? आरओ बाथरूमला लावतात का?

नळदुरुस्ती_गोरेगाव:
नाही ताई, बाथरूमला सॉफ्टनर. हिशोब असा: १० लिटर रेझिन (सॉफ्टनरमधले चुना धरणारे दाणे) साधारण ५०० ग्रॅम चुना धरतं, म्हणजे ५०० हार्डनेसचं १००० लिटर पाणी. मग १५ लिटर पाण्यात दीड किलो मीठ विरघळवून अर्ध्या तासात हळूहळू सोडायचं आणि खारट लागेनासं होईपर्यंत धुवायचं. मीठ दिलं नाही तर ती नुसती शोभेची टाकी. पाण्यात लोह असेल तर आधी आयर्न फिल्टर, नाहीतर रेझिन बंद पडतं. आणि सॉफ्टनर खारेपणा काढत नाही, चुन्याच्या जागी सोडियम येतं, टीडीएस तेवढाच राहतो. केसांसाठी शेवटचा तांब्या पालिकेच्या पाण्याचा घ्या, साबणाऐवजी शाम्पू वापरा.

दादरची वहिनी:
मग प्यायला आरओ?

नळदुरुस्ती_गोरेगाव:
फक्त तलावाचं पाणी येत असेल तर नको. टीडीएस मुळातच कमी, आणि लिटरभर पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर जातं. सेडिमेंट (गाळ अडवणारा) फिल्टर, कार्बन आणि जंतू मारणारा यूव्ही पुरे. यूव्हीचा दिवा वर्षाने बदला, तो पेटलेला दिसला तरी जोर संपलेला असतो. पाणी गढूळ असलं तर किरण पोचत नाहीत, म्हणून पावसाळ्यात सेडिमेंटची कांडी लवकर बदला. तुरटीने गाळ बसतो, जडपणा जात नाही.

दहिसरकर:
यूव्हीची कांडी कितीला पडते? आणि सुगरण ताई, कटाची आमटी पण लिहा ना