धडगावकडच्या पाड्यावर पावसाळा काढायचाय, तयारी काय करावी?

नवा_सेवक
सलाम. मंडळीच्या (चर्चच्या) कामासाठी मी आणि पत्नी मे अखेरीस नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी (धडगाव) तालुक्यात एका पावरा आदिवासींच्या पाड्यावर राहायला जातोय. वाटेत दोन नाले आहेत, पाऊस लागला की गाडी बंद. पाणी झऱ्याचं, विजेचा भरवसा नाही. धान्य किती भरावं? पाणी कसं शुद्ध करावं? सोलर केवढा लागेल? औषधांची पेटी ठेवावी का?

डोंगरवाट
सलाम दादा. धान्याचा हिशोब माणशी रोज 400 ग्रॅम, डाळ 50 ग्रॅम. दोघांना चार महिन्यांसाठी साधारण 96 किलो ज्वारी-तांदूळ आणि 12 किलो डाळ. मे महिन्यात कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला तरच कोठीत भरा, दबला तर आणखी दोन उन्हं द्या. ओल राहिली की ऑगस्टपर्यंत बुरशी धरते आणि मग कडुनिंबाचा पालाही काही करू शकत नाही. कोठी जमिनीवर टेकवू नका, भिंतीलाही लावू नका. खाली फळी हवी.

पाण्यात बहुतेकांचं एकाच ठिकाणी चुकतं. गढूळ पाण्यातच क्लोरीनची गोळी टाकतात. ते क्लोरीन माती नि पाल्यातच संपतं, जंतू तसेच राहतात. आधी तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवा, दोन-तीन तास निवळू द्या, वरचं पाणी चारपदरी सुती कापडातून दुसऱ्या हंड्यात गाळा. मग गोळी. पाकिटावर 20 लिटर लिहिलं असेल तर 20 लिटरलाच, आणि अर्धा तास थांबा. त्यानंतर क्लोरीनचा हलका वास यायला हवा. पाणी काढायला दांड्याचं ओगराळं ठेवा, हंड्यात हात जाता कामा नये.

आरोग्यसेविका_ताई
पेटीत ओआरएस, थर्मामीटर, पॅरासिटामॉल, जंतुनाशक मलम आणि पट्ट्या. एवढंच. इंजेक्शन-सलाईनला हात लावू नका. पाड्यावर शिकलेला माणूस आला की लोक त्याला डॉक्टर समजतात, आणि तुम्ही 'नाही' म्हणायला लाजलात तर त्याची किंमत पेशंट मोजतो. आशाताईंचा, म्हणजे गावच्या आशा आरोग्य कार्यकर्तीचा, नंबर आणि घर पहिल्याच दिवशी माहीत करून घ्या.

ताप आला तर त्याच दिवशी आशाताईंकडून मलेरियाची तपासणी. औषधाचा कोर्स ताप उतरला म्हणून मध्येच सोडायचा नाही.

जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री घरात शिरते आणि तिचा दंश बऱ्याचदा कळतही नाही. पहाटे पोट दुखणं, पापण्या जड होणं ही लक्षणं. बाज घ्या, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा. औषधी मच्छरदाणी साध्या साबणाने हलक्या हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात औषध उतरतं. दंश झालाच तर आवळपट्टी नाही, चिरा नाही. हात-पाय हलू देऊ नका आणि बांबूच्या झोळीतून थेट दवाखाना. झोळीसाठी चार खांदेकरी आणि बदलीला चार, ही नावं आधीच ठरलेली हवीत. प्रार्थना जरूर करा, पण झोळी निघाल्यावर, वाटेत.

पाड्याचा_पाहुणा
घर कुणाचं आणि कोणत्या अटींवर, हे पाटील, पोलीस पाटील आणि ग्रामसभेसमोर ठरवा. हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला आदिवासी भाग आहे. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीने भाडेपट्ट्याने घ्यायची तरी महसूल संहितेच्या कलम 36अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पुजाऱ्याला आधी भेटा. औषध देताना उपासनेचं आमंत्रण देऊ नका, ज्याला यायचं तो आपणहून येईल. मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागताय असं एकदा पसरलं की आजारी मूलही तुमच्यापर्यंत येत नाही. आणि पावरी बोली शिका, मराठीवर भागवू नका. शिकवायला पोरं सगळ्यात चांगली.

नवा_सेवक
मनापासून आभार. सोलरचं राहिलं. 40 वॅटचं पॅनेल चालेल का?

डोंगरवाट
नाही चालणार. 5 वॅटचे तीन दिवे चार तास म्हणजे 60 वॅट-तास, दोन मोबाईलचे 30, एकूण 90. ढगाळ दिवसात पॅनेलला जेमतेम दीड तासाचं पुरं ऊन मिळतं असं धरा. 40 वॅटचं 60 देईल, 100 वॅटचं 150. त्यासोबत 12 व्होल्ट 40 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे 480 वॅट-तास) बॅटरी घ्या, निम्मीच वापरली तर अडीच दिवस निघतात. रोज पूर्ण उतरवली तर प्लेटांवर सल्फेट चढून वर्षभरात बसेल. चार्ज कंट्रोलर लावाच, आणि बॅटरीत घालायला डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन धडगावहूनच घेऊन चढा.