ऑक्सफर्डचं कॉलेज आणि आपलं कॉलेज: एकच गोष्ट आहे का?

मिरज_जंक्शन

सांगलीत आमच्या वाचक मंडळात इंग्लंडमधल्या विद्यापीठांवर पाऊण तास बोलायचं आहे. ऑक्सफर्डचं स्थापना वर्ष कुठे १०९६ दिलंय, कुठे ११६७, कुठे १२४९. खरं कुठलं धरू? दुसरं, तिथलं मर्टन कॉलेज म्हणजे आपल्या सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजसारखं संलग्न कॉलेज समजायचं का? आणि आपली विद्यापीठं ऑक्सफर्डच्या धर्तीवर निघाली असं सगळे लिहितात, ते बरोबर आहे का? समोर बारावीच्या मुलांचे पालकही असतील, प्रवेशाचं विचारतीलच.

माहुली_संगम

स्थापना वर्ष देऊच नका, कारण स्थापना अशी झालीच नाही. १०९६ च्या सुमारास तिथे शिकवणं चालू होतं, एवढंच म्हणता येतं. ११६७ च्या आसपास राजा दुसऱ्या हेन्रीचं आर्चबिशप बेकेटशी भांडण पेटलं, त्यात इंग्रज विद्यार्थ्यांना पॅरिसला जायला बंदी आली आणि ऑक्सफर्डची गर्दी वाढली. १२४९ हे युनिव्हर्सिटी कॉलेजला मिळालेल्या देणगीचं साल आहे, विद्यापीठाचं नव्हे.

मुळात तो मास्तरांचा संघ होता. मालकीची इमारत नाही, जमीन नाही. भाड्याच्या खोल्यांत आणि चर्चमध्ये वर्ग भरायचे. त्यामुळे शहराशी वाजलं की बिऱ्हाड उचलून निघून जाणं हेच त्यांचं हत्यार. १२०९ मध्ये एका बाईच्या खुनावरून शहरवाल्यांनी संशयित विद्यार्थी सापडेना म्हणून त्याच्यासोबत राहणाऱ्यांना फासावर चढवलं. मास्तरांनी शिकवणं बंद केलं आणि मंडळी पांगली. त्यातली काही केंब्रिजला गेली, आणि तिथून दुसरं विद्यापीठ सुरू झालं.

१२१४ ची तडजोड भाषणात जरूर सांगा, ती फार बोलकी आहे. पोपच्या प्रतिनिधीने ऑक्सफर्डच्या नागरिकांवर अटी घातल्या: विद्यार्थ्यांच्या खोल्यांचं भाडं दहा वर्षं निम्मं, गरीब विद्यार्थ्यांसाठी दरसाल ५२ शिलिंग, आणि सेंट निकोलसच्या दिवशी शंभर गरीब विद्यार्थ्यांना ब्रेड, बिअर, सूप आणि एक मासळीचा किंवा मटणाचा पदार्थ. चॅन्सेलर या पदाचा उल्लेखही याच कागदात येतो. तो नावाला बिशपचा माणूस. पण बिशप बसायचे लिंकनला, शंभरएक मैल लांब, त्यामुळे हळूहळू मास्तरच आपला चॅन्सेलर निवडायला लागले. पॅरिसमध्ये बिशप दाराशीच होता, तिथे हे इतकं सोपं गेलं नाही.

आता मर्टन. वॉल्टर डी मर्टन यांनी १२६४ मध्ये सरे परगण्यातली माल्डन आणि फार्ली ही इस्टेट कॉलेजच्या नावे केली आणि उत्पन्नावर विद्वानांच्या राहण्या-जेवणाची सोय लावली. पक्के नियम १२७४ चे. म्हणजे कॉलेज ही जमीनजुमला असलेली, स्वतःचा कारभार पाहणारी संस्था, थोडी आपल्याकडच्या इनाम असलेल्या मठासारखी. सुरुवातीला तिथे मुख्यतः पदवी झालेले फेलो, म्हणजे कॉलेजचे सभासद विद्वान, राहायचे. साधी पोरं हॉल नावाच्या भाड्याच्या घरांत असायची. १३७९ च्या न्यू कॉलेजने पदवीपूर्व मुलांना पद्धतशीर आत घेतलं, आणि पुढच्या दोनेक शतकांत हॉल मागे पडले.

दगडी इमारती आणि जमिनी आल्या तशी निघून जाण्याची धमकीही संपली. १३३३ च्या सुमारास काही मास्तर स्टॅमफर्ड या दुसऱ्या गावी गेले, तर राजा तिसऱ्या एडवर्डने तो प्रयत्न मोडून काढला. त्यानंतर ऑक्सफर्डचा एम.ए. होणाऱ्याला 'स्टॅमफर्डला शिकवणार नाही' अशी शपथ घ्यावी लागायची. ती १८२७ पर्यंत चालू होती! इंग्लंडमध्ये सहा शतकं दोनच विद्यापीठं का, त्याचं निम्मं उत्तर यात आहे.

अजिंक्यतारा_पायथा

वरचा प्रतिसाद छान, पण तिसरा प्रश्न राहिला. आपली पद्धत ऑक्सफर्डची नाही, लंडनची.

ऑक्सफर्डला १५८१ पासून प्रवेशाच्या वेळीच अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत, चर्चच्या ३९ कलमांवर सही लागायची. केंब्रिजला ती अट पदवी घेताना आडवी यायची. कॅथलिक, ज्यू, इतर पंथांचे प्रोटेस्टंट सगळे बाहेर. ही अडचण बहुतांशी सुटली १८७१ च्या कायद्याने. म्हणून १८२६ मध्ये लंडनला, आज जे युनिव्हर्सिटी कॉलेज आहे ते, धर्माची अट न घालता निघालं. त्याला उत्तर म्हणून अँग्लिकनांनी १८२९ मध्ये किंग्ज कॉलेज काढलं. दोघांत पदवी द्यायची कुणी? सरकारने १८३६ मध्ये तिसरीच संस्था केली, लंडन विद्यापीठ. शिकवणार कॉलेजं, परीक्षा घेऊन पदवी देणार विद्यापीठ.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघालं ते या साच्यावर. सिनेट, परीक्षा, संलग्न कॉलेजं. विद्यापीठाने स्वतः शिकवण्याची वाट १९०४ च्या कायद्याने नीट मोकळी झाली. तोवर लंडननेच आपला साचा बदलून १९०० मध्ये शिकवायला सुरुवात केली होती. आपण मात्र टाकलेला अंगरखा घालून बसलो, असं माझं मत.

तुमच्या श्रोत्यांसाठी विलिंग्डनचंच उदाहरण घ्या. १९१९ ला मुंबईशी संलग्न, मग पुणे, आणि १९६२ नंतर शिवाजी विद्यापीठ. इमारत तिथेच, विद्यापीठ बदललं. मर्टनबाबत असं होऊच शकत नाही, कारण तिथली कॉलेजं संलग्न नाहीत, ती विद्यापीठाचे घटक आहेत.

मिरज_जंक्शन

दोघांचे आभार. मग तिथे नेमकं कोण काय करतं? अभ्यासक्रम कॉलेजचा की विद्यापीठाचा?

माहुली_संगम

व्याख्यानं, प्रयोगशाळा, परीक्षा, पदवी विद्यापीठाकडे. पदवीपूर्व प्रवेश, राहणं, जेवण आणि ट्युटोरियल कॉलेजकडे. ट्युटोरियलला केंब्रिजमध्ये सुपरव्हिजन म्हणतात: साधारण एक ते तीन विद्यार्थी, समोर शिक्षक, आधी लिहून आणलेल्या निबंधावर किंवा सोडवलेल्या गणितांवर तासभर उलटतपासणी. टर्म आठ आठवड्यांची, वर्षात तीन. वाचन नाही केलं तर लपायला जागा नसते.

वाळव्याची_वाट

पालकांसाठी. पदवीचा अर्ज यूकॅस या तिथल्या सामायिक प्रवेश यंत्रणेवरून, जास्तीत जास्त पाच पर्याय. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज चालत नाही, इथे बरीच मुलं फसतात. या दोन्हींची मुदत १५ ऑक्टोबर, तिथले संध्याकाळचे सहा, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. बाकी विद्यापीठांच्या बहुतेक अभ्यासक्रमांची मुदत जानेवारीत असते, ती डोक्यात ठेवून बसलं की ही हुकते. अर्जात कॉलेज निवडता येतं किंवा ओपन ठेवता येतं, म्हणजे कॉलेजची निवड त्यांच्यावर सोडता येते. आपल्यासारखं 'कुठल्या कॉलेजचा निकाल चांगला' बघू नका, कारण पेपर सगळ्यांना तोच. तुमचा विषय त्या कॉलेजात आहे का, एवढं आधी बघा. सगळीकडे सगळे विषय नसतात. पदव्युत्तर अर्ज थेट विद्यापीठाकडे.

अजिंक्यतारा_पायथा

रँग्लर परांजप्यांचं कुणीतरी विचारेल. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर, त्यातला पहिला सीनियर रँग्लर. परांजपे १८९९ चे. क्रमवार यादी १९०९ नंतर बंद झाली, म्हणून आपल्या साताऱ्याचे महाजनी रँग्लर असले तरी त्यांचा 'कितवा नंबर' शोधू नका.

आणि कुणाच्या नावापुढे ऑक्सफर्डचं एम.ए. दिसलं तर ती वेगळी परीक्षा दिलेली असेलच असं नाही. बी.ए. झालेल्याला प्रवेशापासून २१ टर्म, म्हणजे सात वर्षं झाली की ते मागून घेता येतं. मध्ययुगात मास्तर व्हायला साधारण तेवढीच वर्षं लागायची.