मदत हवी आहे : गल्ल्यातली ‘हाथाजोडी’ आणि भिंतीवरचे ‘इंद्रजाल’ वनखात्याकडे कसे सोपवावे?

नमस्कार. वनखात्यात काम केलेल्या, वन्यजीव कायद्याच्या खटल्यांची माहिती असलेल्या किंवा अशा प्रसंगातून स्वतः गेलेल्या सभासदांकडून मला सल्ला हवा आहे. प्रसंग थोडा सविस्तर सांगते, कारण तपशील ठाऊक असल्याशिवाय नेमका सल्ला देणे कोणालाही अवघड जाईल.

कराडजवळ आमचे किराणा मालाचे जुने दुकान आहे. माझ्या सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते ७४ वर्षांचे आहेत आणि आजही गल्ल्याची पूजा झाल्याशिवाय पहिल्या गिऱ्हाइकाला माल देत नाहीत. २०२१ साली टाळेबंदीनंतर धंदा अगदी बसला होता आणि उधारी वसूल होत नव्हती. त्या काळात त्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून पूजासाहित्य विकणाऱ्या एका संकेतस्थळावरून ‘सिद्ध हाथाजोडी’, म्हणजे बरकतीसाठी गल्ल्यात ठेवायची जोडलेल्या हातांसारखी दिसणारी वस्तू, मागवली. किंमत १,८५० रुपये. बिलावर ‘नैसर्गिक वनस्पतीचे मूळ, १ नग’ असे स्वच्छ लिहिलेले आहे. त्याच वर्षी एका वास्तुविषयक प्रदर्शनातून काचेच्या चौकटीत बसवलेले ‘महाइंद्रजाल’ (याला नुसते ‘इंद्रजाल’ही म्हणतात; दिसायला वाळक्या झाडाच्या जाळीदार फांदीसारखे) त्यांनी आणले, ते गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगलेले आहे. त्याचे मात्र बिल नाही.

माझी मुलगी प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत गल्ला पुसताना तिने चांदीची ती डबी उघडली आणि मला आत बोलावले. डबीत शेंदूर, पाच-सहा लवंगा आणि तेलाने चिकट झालेली ती वस्तू होती. लांबी माझ्या करंगळीएवढी. मनगटापासून जोडलेले दोन हात असावेत तसा आकार, वर बोटांसारख्या बारीक सुरकुत्या. मी कापसाने थोडा शेंदूर पुसला. मुळाला असतात तसे तंतू, साल किंवा गाठी कुठेही दिसल्या नाहीत. वाळून आखडलेल्या कातड्यासारखा तपकिरी, किंचित पारदर्शक पृष्ठभाग होता. मुलगी म्हणाली, “आई, हे मूळ नाही. ही घोरपड आहे.”

त्यानंतर आम्ही दोघींनी जे वाचले ते थोडक्यात लिहिते, म्हणजे माझ्या समजुतीत चूक असेल तर जाणकारांना दुरुस्त करता येईल. हाथाजोडी म्हणून जे विकले जाते, ते विंध्य पर्वतात किंवा अमरकंटकच्या जंगलात मिळणाऱ्या दुर्मीळ झाडाचे मूळ असल्याचे विक्रेते सांगतात. प्रत्यक्षात ते नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. आपल्याकडे विंचू नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका रानझाडालाही हिंदीत हाथाजोडी म्हणतात, त्यामुळे वनस्पतीचा दावा खरा वाटतो. पण त्या झाडाच्या बोंडाला आकडे असतात, जोडलेले हात नसतात. २०१७ साली प्राणिसंरक्षण करणाऱ्या संस्था आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक यांनी हा व्यापार उघडकीस आणला, तेव्हा ही ‘मुळे’ मोठमोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर उघडपणे विकली जात होती. घोरपड ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत (सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत) आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तिचे संरक्षण वाघाच्या पंक्तीतले आहे.

इंद्रजालाची गोष्टही तशीच. ते झाड नाहीच. तो समुद्रपंखा किंवा काळे प्रवाळ, म्हणजे सूक्ष्म जीवांच्या वसाहतीचा सांगाडा. समुद्रतळाशी वर्षाला फार तर काही सेंटीमीटर वाढणाऱ्या या वसाहती ट्रॉलरच्या जाळ्यात ओरबाडल्या जातात किंवा पाणबुडे त्या मुद्दाम तोडून आणतात, मग त्यांना वाळवून, कधी काळा रंग देऊन चौकटीत बसवले जाते. २००१ पासून हे जीवही पहिल्या अनुसूचीत आहेत.

हे वाचल्यापासून मला त्या गल्ल्याकडे पाहवत नाही. माझ्या माहेरी बांधावर मोठे वारूळ होते आणि पावसाळ्याच्या तोंडाला तिथे घोरपड दिसायची. आम्ही मुले दगड उचलायचो, तेव्हा आजी ओरडायची, “जाऊ द्या तिला, ती उंदीर खाते.” तानाजी मालुसऱ्यांच्या यशवंती घोरपडीची गोष्ट लहानपणी ऐकली नाही असे घर आमच्या भागात सापडायचे नाही. त्याच जनावराला मारून, कापून, शेंदूर फासून आमच्या दुकानात बरकतीसाठी ठेवले गेले आणि चार वर्षे आम्ही त्याला उदबत्ती ओवाळली, हे मला फार लागले आहे.

आता अडचण सांगते. कायद्याची कलमे मी जमेल तशी वाचली आहेत. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड आहे. कलम ३९ नुसार अशा वस्तू सरकारी मालमत्ता असतात आणि ज्याच्या ताब्यात त्या येतील त्याने ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचे असते. कलम ५७ नुसार वस्तू ताब्यात सापडली की ताबा बेकायदा असल्याचे गृहीत धरले जाते आणि तो तसा नाही हे आपल्यालाच सिद्ध करावे लागते. दुरुस्तीने आलेल्या कलम ४२-अ मध्ये वस्तू स्वखुशीने सरकारजमा करण्याची सोय आहे खरी, पण ती मालकीचे प्रमाणपत्र असलेल्यांसाठी आहे असे मला वाचताना वाटले. आमच्याकडे असे प्रमाणपत्र कुठून असणार? मूळ समजून घेतलेल्या वस्तूचे प्रमाणपत्र काढावे हे कोणाच्या मनात तरी येईल का?

म्हणून माझे पहिले विचारणे असे की, फसवणूक होऊन वस्तू घरात आली आणि ती काय आहे हे नंतर कळले, तर ते ४८ तास केव्हापासून मोजायचे? खरेदीपासून मोजले तर आम्ही चार वर्षांचे गुन्हेगार ठरतो. कळल्यापासून मोजायचे, तर मुलीने ओळखले तो दिवस धरायचा की प्रयोगशाळेने सांगितले तो? बाजारात प्लास्टिकच्या साच्यातून काढलेल्या नकली हाथाजोडीही पुष्कळ असतात असे वाचले. आमची तशी निघाली तर तो केवळ ग्राहकाच्या फसवणुकीचा विषय उरेल आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येईल. पण हे ठरवायचे कोणी? डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत डीएनए तपासणी होते. ती खाजगी माणसाला करून मिळते, की नमुना वनखात्यामार्फतच जावा लागतो?

दुसरे, प्रत्यक्ष जायचे कुठे? वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर आधी फोन करावा, की लेखी अर्ज घेऊन थेट वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटावे? वस्तू सोबत न्यावी, की जागेवरच ठेवून त्यांना बोलवावे? ती घेऊन एस.टी.ने प्रवास करणे हीच बेकायदा वाहतूक ठरेल अशी मला भीती वाटते. आमच्या दिरांचे म्हणणे आहे की अमावास्येला दोन्ही वस्तू कृष्णेत सोडाव्यात आणि विषय संपवावा. मला ते पटत नाही. विसर्जनाने आमची सुटका होईल, पण विकणारा तसाच राहील. बिलावर त्याचे नाव आहे, पार्सलचा कागद मी जपून ठेवला आहे आणि हे तपास करणाऱ्याच्या हाती पडावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

भर (दोन दिवसांनंतर)

उत्तरे देणाऱ्या सर्वांचे आभार. दोघांनी छायाचित्रे मागितली आहेत. ती इथे टाकत नाही, कारण पाहून आणखी कोणाला विकत घ्यावेसे वाटू नये. “कोण विचारायला येणार आहे, गप्प बसा” असे ज्यांनी लिहिले त्यांचा हेतू चांगला आहे हे मी जाणते, तरी तो मार्ग मला घ्यायचा नाही.

काल रात्री अण्णांना सगळे सांगितले. ते चिडतील असे वाटले होते. ते बराच वेळ डबीकडे पाहत बसले आणि मग म्हणाले, “मी मूळ म्हणून पुजलं. जीव असंल तर त्यो गल्ल्यात नको.” डबी त्यांनी स्वतः बाहेर काढली आणि आज सकाळी रिकाम्या गल्ल्याची पूजा केली. अर्जावर आपलीच सही असावी असा त्यांचा आग्रह आहे.

एका सभासदांनी सुचवल्याप्रमाणे आधी वकिलांकडून अर्जाचा मसुदा करून घ्यायचे आम्ही ठरवले आहे. त्यात खरेदीची तारीख, बिलावरचे वर्णन, ओळख पटल्याचा दिवस आणि विक्रेत्याचा तपशील असेल, आणि पोच घेतल्याशिवाय परतायचे नाही. सातारा किंवा कोल्हापूर भागात असा अर्ज कोणी दिला असेल, तर पुढे जबाब कोणाचा घेतला गेला, वस्तूचा पंचनामा घरी झाला की कार्यालयात, आणि ज्येष्ठ नागरिकाला पुन्हा पुन्हा खेटे घालावे लागले का, एवढे कृपया कळवावे. अण्णांचे गुडघे दुखतात आणि कार्यालयाला जिना आहे, म्हणून मुद्दाम विचारते. इंद्रजालाच्या चौकटीची काच फोडून आतले काढावे, की आहे तशी चौकट द्यावी, हेही कोणी सांगितले तर बरे होईल. बिल नसलेल्या त्या वस्तूबद्दल, प्रदर्शनाचे वर्ष आणि गाव यांपलीकडे अण्णांना काहीच आठवत नाही, आणि एवढ्या माहितीवर विक्रेत्यापर्यंत पोचता येते का, याची मला खरोखर चिंता आहे.